पहाटे ५.१० ते ६.०० : वीस फायली, दोन परीक्षक आणि एक फोन

पैसे मोजून स्वतःच्या चुका काढायला माणूस लावायचा, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, पेशंटचे नातेवाईक फुकटात सांगतात तेवढं पुरत नाही का?" तरी मी ते केलं. गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संस्थेकडून माझ्या हॉस्पिटलच्या वीस इनडोअर फायलींचा पिअर रिव्ह्यू करून घेतला. म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या डॉक्टरांनी आपल्या फायली वाचायच्या आणि उपचार बरोबर झाले की नाही ते सांगायचं. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि मला ना जाहिरात करायची ना भांडण. पण धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कुणा डॉक्टरच्या डोक्यात हा किडा वळवळत असेल, तर त्याने पैसे भरण्याआधी हे वाचावं.

चोपड्यात माझं २२ खाटांचं हॉस्पिटल आहे. मी एमडी मेडिसिन. रात्रीला बीएएमएस आरएमओ (निवासी डॉक्टर), तीन पाळ्यांत सिस्टर. आयसीयू म्हणायला चार खाटा, दोन मॉनिटर, एक डिफिब्रिलेटर. व्हेंटिलेटर नाही. जळगाव पन्नासेक किलोमीटर, तापी ओलांडून. पावसाळ्यात साप, मे महिन्यात उन्हाचे झटके आणि बाराही महिने कपाशीवरचं औषध प्यायलेले. खान्देशातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

हे डोक्यात शिरलं मार्चमधल्या एका रात्री. पासष्टीचे एक गृहस्थ संध्याकाळपासून छाती दुखत असताना घरी ओवा-सोडा घेत बसले आणि रात्री एकला माझ्याकडे आले. ईसीजी सहाव्या मिनिटाला निघाला. मोठा अटॅक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तासाभरात हृदयाची लय बिघडली, शॉक दिले, चाळीस मिनिटं छाती दाबली. गेले. बाहेर चाळीसेक माणसं, आरडाओरड, एक काच फुटली. पहाटे पोलीस आले आणि सगळं निवलं.

काच दुसऱ्या दिवशी बसली, मला मात्र झोप लागेना. मी बरोबर केलं होतं का? चार बॅचमेटना फोन केले. चौघंही म्हणाले, "तू सगळं बरोबर केलंस रे." ते चौघं असंच म्हणणार हे मला फोन लावायच्या आधीच माहीत होतं, कारण त्यांचा फोन आला की मीही तसंच म्हणतो. ना ओळखीच्या, ना माझ्यावर चिडलेल्या अशा कुणाकडून तरी ऐकायचं होतं, म्हणून ही संस्था शोधली.

आकार वीस फायलींना २४,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, मिळून २८,३२०. त्यात प्रत्येक फाईल दोन परीक्षक स्वतंत्रपणे वाचणार, तीन शेऱ्यांपैकी एक शेरा देणार (योग्य, किरकोळ त्रुटी, गंभीर त्रुटी), लेखी अहवाल येणार आणि शेवटी एका परीक्षकाशी तासभर फोनवर बोलणं.

फायली निवडायची त्यांची पद्धत मला आवडली. मी निवडायच्याच नाहीत. आमच्या अॅडमिशन रजिस्टरमधले नुसते क्रमांक त्यांनी मागवले, त्यातले दहा त्यांनी वाटेल तसे उचलले आणि उरलेले दहा विशिष्ट कारणांसाठी घेतले: मृत्यू, वरच्या हॉस्पिटलला पाठवलेले, डिस्चार्जनंतर आठवड्यात परत भरती झालेले, रक्त चढवलेले. हे बरं केलं. नुसत्या वाईट घटनांच्या फायली वाचल्या तर डॉक्टर राक्षस दिसतो, आणि मला निवडू दिल्या असत्या तर माझ्यासारखा डॉक्टर पंचक्रोशीत नाही असा अहवाल आला असता.

स्कॅनिंगची हमाली मात्र आपलीच. वीस फायलींची सातशेच्या वर पानं निघाली. रिसेप्शनवरचा पोरगा मोबाईलवर स्कॅन करत चार दुपारी बसला होता. पेशंटचं नाव, गाव, फोन, आधार काळ्या मार्करने खोडायचं, तर मार्करखालूनही नाव वाचता येतं. शेवटी खोडलेल्या पानांची झेरॉक्स काढून ती पुन्हा खोडून स्कॅन केली. एवढं करून ईसीजीच्या पट्टीवर मशीनने छापलेलं एक नाव राहिलंच. संस्थेने ती फाईल न वाचता परत पाठवली. तेव्हा चिडलो, आता वाटतं बरोबर केलं.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. कबूल केले होते तीन.

मी आधी अर्थातच मार्चमधली फाईल उघडली. दोघांचाही शेरा 'योग्य'. एकाने लिहिलं होतं, ईसीजी दहा मिनिटांच्या आत, औषध वेळेत, प्रत्येक शॉकची वेळ नोंदलेली, नातेवाइकांशी बोलल्याची दोनदा नोंद. मी ती ओळ तीनदा वाचली, मग चहा घेतला आणि मग चौथ्यांदा वाचली. २८,३२० रुपये तिथेच वसूल झाले असं त्या क्षणी वाटलं. बाकीचा अहवाल वाचायच्या आधीचं ते सुख होतं.

बाकीच्या अहवालाची सुरुवातच अशी: "वीसपैकी सतरा फायलींमध्ये श्वासाची गती प्रत्येक नोंदीत २० आहे."

मी फायली काढून बघितल्या. खरंच की. नाडी ७८, ८४, ९६ अशी हलते. बीपी हलतं. श्वास मात्र २०. दम्याचा पेशंट, श्वास २०. पित्ताशयाचा पेशंट, श्वास २०. एका बाईंच्या फाईलमध्ये चार दिवसांत अठरा नोंदी, अठराही ठिकाणी २०. मोठ्या सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "सर, श्वास कोण मोजतं? नॉर्मल दिसला तर वीस लिहायचं, असंच शिकवलंय." तिला रागावणार तरी कुठल्या तोंडाने? मी स्वतः रेसिडेन्सीत हेच केलंय. रोज राउंडला त्या चार्टवर सही माझी असते आणि बारा-पंधरा वर्षांत माझी नजर एकदाही त्या रकान्यावर अडखळली नव्हती. अडखळली ती फायलीशिवाय दुसरं काहीच समोर नसलेल्या परक्या माणसाची.

दुसरी गोष्ट 'सीएसटी'ची. म्हणजे 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', आपल्या सगळ्यांचा लाडका शेरा. मे महिन्यातला केळीच्या बागेतला एक मजूर, उलट्या, ताप, अंग ठणकतंय. आल्या आल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन, सलाईन. संध्याकाळी क्रिएटिनिन १.९ आलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. रिपोर्ट फाईलला व्यवस्थित लावलेला, त्याखाली माझी सही, त्याखाली 'सीएसटी'. आणि त्या सेम ट्रीटमेंटमध्ये डायक्लोफेनॅक सकाळ-संध्याकाळ. सुकलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्याच्याइतकं वाईट औषध शोधून सापडणार नाही. आणखी दोन इंजेक्शनं गेली, मग कुणीतरी बंद केली, कुणी ते लिहिलेलं नाही. पेशंट भरपूर सलाईनवर सुधारला आणि चौथ्या दिवशी हसत घरी गेला. दोन्ही परीक्षकांचा शेरा 'गंभीर त्रुटी'. ही फाईल वाटेल तशा उचललेल्या दहांतली. मृत्यू आणि रेफर केलेल्यांच्याच फायली कुणी बघितल्या असत्या तर ती कुणाच्या नजरेसही पडली नसती.

आणि आता पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.

गेल्या वर्षीचा श्रावण. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा पंचविशीचा मुलगा, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेला. सोबतचा माणूस म्हणाला, "पोट दुखी ऱ्हायनं डाक्टर, रातभर." ही फाईल माझ्या हॉस्पिटलची शान होती म्हणा ना. मण्यार चावलेला मुलगा, चावल्याची खूण कुठेच नाही, आम्ही ओळखलं, एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) दहा बाटल्या दिल्या, श्वासनळीत नळी घातली, अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत १०८ मधून जळगावला पाठवला, तिथे व्हेंटिलेटरवर राहून दहाव्या दिवशी चालत घरी. त्याच्या बापाने दिवाळीत मला कोंबडा आणून दिला होता. आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) जेवणात ही केस मी दोनदा सांगितली आहे.

पहिल्या परीक्षकाचा शेरा 'योग्य'. दुसऱ्याचा 'किरकोळ त्रुटी', आणि खाली एकच ओळ: "आगमन ५.१०, एएसव्ही ६.००. मधल्या पन्नास मिनिटांचं स्पष्टीकरण फाईलमध्ये नाही."

फोनवर बोलायला तेच दुसरे परीक्षक आले. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचंही पंचवीस-तीस खाटांचं हॉस्पिटल. आवाज शांत, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. वीसच्या वीस फायलींवर बोलू असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला चालत असेल तर आपण चार-पाचच घेऊ." आणि या फाईलवर आम्ही पंचवीस मिनिटं होतो.

"पेशंट आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरी. वर राहतो मी. आरएमओने पाच-पंधराला फोन केला."

"फोनवर काय सांगितलं त्यांनी?"

"पोटदुखी. उलटी एक. व्हायटल्स नॉर्मल."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

हे फाईलमध्ये होतं. पाच-वीसला पॅन्टोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन (अॅसिडिटी आणि उलटीची औषधं), एक सलाईन. मी झोपेतच ते सांगितलं होतं आणि कूस बदलली होती. ते पुढे गेले नाहीत, थांबले. मग मीच बोलत गेलो. पाच-चाळीसला रात्रपाळीची सिस्टर, नवी मुलगी, सलाईन बघायला गेली आणि आरएमओला म्हणाली, याला झोप येतेय की याचे डोळेच उघडत नाहीत? आरएमओने परत फोन केला. 'पापण्या' हा शब्द ऐकला (मण्यारीच्या विषाने आधी पापण्याच जड होतात) आणि मी चप्पल न घालता खाली आलो. जमिनीवर झोपला होता का विचारलं. हो. मान उचल म्हटलं तर उचलेना. मग पुढचं सगळं भराभर.

"म्हणजे निदान सिस्टरने केलं," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता.

"हो."

"तिचं निरीक्षण फाईलमध्ये कुठेच नाही. आणि डॉक्टर, पाच-पंचेचाळीसची नर्सिंग नोंद बघितलीत का?"

मी पान उलटलं. पाच-पंचेचाळीस. नाडी १०४, बीपी १३०/८०, श्वास २०. वीस मिनिटांनी ज्याला अँबू लावावी लागली त्या मुलाचा श्वास, २०.

आयएमएच्या जेवणात सांगितलेल्या गोष्टीत ही पन्नास मिनिटं नव्हती. मी खोटं बोललो नव्हतो. मुलगा वाचला, म्हणून ती पन्नास मिनिटं कुणीच मोजली नाहीत, मीही नाही. मार्चमधले गृहस्थ गेले, तर तिथलं मिनिट न् मिनिट मी महिनाभर रोज रात्री मोजत होतो, आणि तिथे चूक नव्हतीच. यावर अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्या परीक्षकांनीच मला सांगितला. ११२ भूलतज्ज्ञांना २१ केसेस वाचायला दिल्या. उपचार तेच, फक्त शेवट बदलला, काहींना इजा तात्पुरती असल्याचं सांगितलं, काहींना कायमची. शेवट वाईट दिसला की तेच उपचार कमी योग्य वाटू लागले. म्हणून शेवट झाकून फाईल वाचावी असं म्हणतात.

इथे माझी पहिली तक्रार. मग या संस्थेने शेवट का झाकला नाही? डिस्चार्ज कार्ड आणि मृत्यूची नोंद स्कॅनमध्ये सरळ पहिल्या पानावर जात होती. मी त्यांच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "सर, पुढच्या आवृत्तीत ते करतोय." ही काय मोबाईलची आवृत्ती आहे? दोन भागांत स्कॅन मागवायचं, पहिल्या भागावर शेरा घ्यायचा, मग दुसरा द्यायचा. आमच्या रिसेप्शनच्या पोरानेही हे सुचवलं असतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. पिअर म्हणजे बरोबरीचा. माझा पहिला परीक्षक पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलमधला, हे त्याच्या शेऱ्यांवरून कळत होतं. "एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) केलेला नाही." "बेडसाइड इको दिसत नाही." "इन्टेन्सिव्हिस्टचं (आयसीयूच्या तज्ज्ञाचं) मत घेतलेलं नाही." अहो, चोपड्यात रात्री दोनला इन्टेन्सिव्हिस्ट मीच, हृदयरोगतज्ज्ञ मीच आणि जनरेटर बंद पडला तर इलेक्ट्रिशियनही मीच. एबीजीचं मशीन माझ्याकडे नाही, आणि असतं तरी दिवसाला एक नमुना नसताना त्याची कार्ट्रिज मुदत संपून फुकट जातात. अशा शेऱ्यातून शिकायचं काय? पन्नास मिनिटं सापडली ती मराठवाड्यातल्या माणसाला, कारण तोही वर राहतो आणि त्यालाही पहाटे पाचला झोपेत फोन येतात. पुण्याच्या परीक्षकाने त्याच फाईलवर 'योग्य' लिहून वर निऑस्टिग्मिन हे स्नायूंची ताकद परत आणायचं औषध का दिलं नाही असं विचारलं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, मण्यारीच्या विषात त्याचा उपयोग फारसा होत नाही, पण एक डोस देऊन बघायला हवा होता आणि बघितला असता तर तसं लिहायला हवं होतं. दोघांचंही ऐकून घेतलं. पण शेरे दोन आणि फाईल एक, मग खरं काय?

वीसपैकी सात फायलींवर दोघांचं जमलं नाही. एका तापाच्या फाईलवर एकाने सेफ्ट्रायअॅक्सोन या अँटिबायोटिकला 'अनावश्यक' म्हटलं, दुसऱ्याने 'योग्य'. (विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, मात्र दोघांनाही खुपली. एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉईड म्हणणं चूक, हे मला एमडीच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे आणि तरी मी पाठवतो, कारण पेशंट ती करूनच येतो नाहीतर बाहेर जाऊन करतो. हे स्पष्टीकरण लिहिताना मलाच ते लंगडं वाटतंय.) परीक्षकांचं आपसात न जमणं हा या पद्धतीचा जुनाच आजार आहे. एकाच फाईलवर दोन डॉक्टरांचं एकमत योगायोगापेक्षा फार जास्त नसतं, अशा अर्थाचे निष्कर्ष १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून छापून आलेत. संस्थेने मात्र अहवालाच्या शेवटी मला 'क्षमता निर्देशांक ७८' असा आकडा दिला, दशांश चिन्ह तेवढं दिलं नाही हे उपकार. सात फायलींवर परीक्षकच भांडताहेत आणि हे त्यातून माझी क्षमता काढताहेत. तो आकडा मी बायकोलाही दाखवला नाही. ७८ म्हणजे तिने विचारलं असतं, उरलेले २२ कुठे गेले.

आणि क्षमता कुणाची? रात्रीच्या नोंदी आरएमओच्या हातच्या, व्हायटल्स सिस्टरच्या, औषधांचा कागद फार्मसीवाला उतरवून घेतो, सही माझी. पन्नास मिनिटांतली काही माझ्या झोपेची आणि काही माझ्या आरएमओला मी कधीच न शिकवलेल्या गोष्टीची. फाईल वाचून हॉस्पिटल कसं चालतं ते कळतं, एकट्या डॉक्टरला त्यातून वेगळा काढता येत नाही. आरोग्यसेवेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये उपचारांचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी बघायला सांगितलं होतं. फाईलमध्ये प्रक्रिया दिसते, आणि तीही लिहिली असेल तेवढीच. 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' असं सगळे परीक्षक म्हणतात. आमच्या फायलींनी त्यांना उलटंही दाखवलं: लिहिलंय, पण केलेलं नाही. श्वास २०.

ओपीडीबद्दल तर ही सेवा आंधळीच आहे, आणि दोष त्यांचा नाही. मी दिवसाला ऐंशी-नव्वद पेशंट ओपीडीत बघतो. त्यांचा कागद त्यांच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घरी जातो आणि पुढच्या वेळी हळदीचे डाग घेऊन येतो, आला तर. माझ्याकडे उरते नुसती रजिस्टरमधली ओळ. म्हणजे माझ्या कामाचा बराच मोठा भाग कुठल्याही परीक्षकाला कधीच दिसणार नाही. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात आणि दिल्लीत अर्थतज्ज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळाच तोडगा काढला होता. शिकवून तयार केलेले खोटे पेशंट दवाखान्यांत पाठवले आणि डॉक्टर काय विचारतात, काय देतात ते टिपलं. ग्रामीण मध्य प्रदेशात एका पेशंटला सरासरी चार मिनिटंही मिळाली नव्हती. माझ्या ओपीडीत असा कुणी आला तर? नको, त्याचा विचारच नको.

वकील असलेल्या मेहुण्याने हे सगळं कळल्यावर कपाळाला हात लावला. "म्हणजे तुझ्या चुकांची यादी तूच लेखी करून ठेवलीस?" त्याचा मुद्दा खोटा नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपण ग्राहक कायद्याखाली आलो. अमेरिकेत पिअर रिव्ह्यूला संरक्षण देणारा कायदा १९८६ पासून आहे. आपल्याकडे तसा खास कायदा नाही. फायली तर तीन वर्षं ठेवाव्याच लागतात आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. मी संस्थेला विचारलं, अहवालाचं तुम्ही काय करता? करारात गोपनीयतेचं एक लांबलचक कलम होतं, ते मेहुण्याने वाचलं आणि म्हणाला, "कागद चांगलाय." त्यापुढे बोलला नाही. ज्याला ही भीती मोठी वाटते त्याने या वाटेला न गेलेलं बरं, मी त्याला नावं ठेवणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बॉस्टनला कॉडमन नावाचा सर्जन स्वतःच्या चुका चक्क छापून वाटायचा. सहकाऱ्यांना ते अजिबात मानवलं नाही. १९१४ मध्ये त्याने तिथल्या मोठ्या हॉस्पिटलचा राजीनामा दिला होता. माझ्या मेहुण्यासारखे मेहुणे त्यालाही असतील.

मग सेवा कशी? मी पाचपैकी साडेतीन देईन. फायली निवडायची पद्धत चोख. नाव राहिलेली फाईल परत पाठवली, त्याचे गुण वेगळे. अहवालाची भाषा इंग्रजी आणि कोरडी, पण अपमान करणारी नाही. टीपीएची (विम्याचे दावे तपासणाऱ्यांची) क्वेरी आली की तिच्यामागे पैसे कापायचा हेतू असतो आणि आपण भांडायच्या पवित्र्यात लिहितो. इथे तसं करायची वेळ आली नाही. वेळ पाळली नाही, शेवट झाकला नाही, परीक्षक निवडताना हॉस्पिटलचा आकार बघितला नाही आणि तो ७८ आकडा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवायचे असतात, ते जळगावच्या हॉटेलात पनीर खात दोन भाषणं ऐकून मिळतात. या उद्योगाचा मला एकही मिळाला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायची की नाही यावर मी त्यांना मेल केला आहे: वीस फायली नकोत, आठ वाचा, आणि तासाऐवजी तीन तास त्याच मराठवाड्याच्या डॉक्टरांशी बोलायला द्या. कॅनडात, ओंटारिओसारख्या प्रांतात, परीक्षक डॉक्टरच्या दवाखान्यात येऊन फायली समोर ठेवूनच बोलायचा, ते मला जास्त पटतं. संस्थेचं उत्तर अजून नाही. मधल्या काळात आम्ही गावातले तिघं महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकमेकांच्या दोन-दोन फायली वाचतो. भरीत, कळण्याची भाकरी आणि फायली. पहिल्याच रविवारी कळलं की हे चालायला अवघड आहे. समोरच्याचं अक्षर ओळखीचं, त्याची मुलगी माझ्या मुलीची मैत्रीण, आणि माझं पेन 'योग्य' या शब्दाकडे आपोआप वळतं. अजून बंद केलेलं नाही इतकंच.

हॉस्पिटलमध्ये दोन बदल झाले. इमर्जन्सीच्या भिंतीवर आरएमओच्या फोनशेजारी स्केचपेनने लिहिलेला कागद आहे: 'पावसाळा, पहाट, पोटदुखी, जमिनीवर झोपला: पापण्या बघा, एका श्वासात आकडे मोजायला लावा.' तो त्या रात्रपाळीच्या मुलीकडूनच लिहून घेतला. आणि नर्सिंग स्टेशनवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ लावलं. अर्धा मिनिट श्वास मोजायचा, दुप्पट करून लिहायचा, असं सगळ्यांना सांगितलं.

परवा राउंडला एक चार्ट हातात घेतला. श्वास १८, २२, १९, २१. छान वाटलं आणि लगेच शंका आली. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर एकोणीस येतोच कसा? मनात म्हटलं, वीसच्या जागी आता वेगवेगळे आकडे ठोकायला लागल्या वाटतं. तीच मुलगी ड्युटीवर होती. तिला बोलावलं, बोट ठेवून विचारलं.

तिने चार्टकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, याचा श्वास मधे मधे थांबतोय. म्हणून पूर्ण मिनिट मोजला."

मी चार्ट ठेवला आणि पेशंटकडे गेलो.